डिसेंबरअखेर कॉर्नवॉल: आई-बाबांना घेऊन जावं का, आणि गेलं तर कसं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आई-बाबा डिसेंबरात धाकट्या भावाकडं इंग्लंडात एक्सेटरला जायलेत. त्याला नाताळची सुट्टी आहे, म्हणून २२ ते २९ डिसेंबर २०२६ हे दिवस तिघांनी कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, काढावेत असा विचार आहे. बाबा ६८ वर्षांचे, आई ६३. बाबांचे गुडघे दुखतात. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पण उभ्या पायऱ्या नकोत. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आई साडीच नेसते. भाऊ २३ वर्षांचा आहे, लायसन्स भारतातलं.

इथं बरेच जण सांगतात की हिवाळ्यात तिकडं सगळं बंद असतं, नुसता पाऊस आणि अंधार. ज्यांना तिकडची नीट माहिती आहे त्यांनी सांगावं: जाण्यात अर्थ आहे का? गाडी घ्यावी की रेल्वेनं फिरावं? मुक्काम कुठं करावा? आणि परभणी-लातूरची थंडी सोसलेल्या माणसांना ती थंडी जड जाईल का?

बालाघाटी (मूळ अंबाजोगाई, सध्या प्लिमथ)

जाण्यात नक्की अर्थ आहे. उन्हाळ्यात तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि खोल्यांचे भाव चढतात. डिसेंबरात तोच किनारा मोकळा मिळतो. पण उन्हाळ्याच्या यादीवरून हिवाळ्याचा बेत आखू नका. हिवाळ्यात दोनच गोष्टी दिवस ठरवतात, उजेड आणि भरती-ओहोटी. त्या दोन्ही आधी कागदावर उतरवा, ठिकाणं मग भरा.

उजेडाचं गणित असं. पेन्झान्सला, म्हणजे कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाच्या गावाला, त्या आठवड्यात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. म्हणजे हातात आठ तास, त्यातही पहिला आणि शेवटचा अर्धा तास मळभ असेल तर अंधुकच जातो. दिवसाला बाहेरचं एकच ठिकाण धरा, जोडीला छपराखालचं एक. तीन-तीन ठिकाणं धरली की चारनंतर पायाखालचं दिसत नाही आणि बाबांची तारांबळ उडते.

थंडीबद्दल: पारा बघून घाबरू नका आणि पारा बघून निर्धास्तही होऊ नका. अटलांटिकचं तुलनेनं उबदार पाणी तिन्ही बाजूंनी असल्यामुळं किनाऱ्यावर दुपारी साधारण ९-१० अंश आणि रात्री ४-५ अंश असतं. बर्फ क्वचित. आकडा आपल्याकडच्या पहाटेएवढाच, पण आपल्याकडं दहा वाजता ऊन येऊन अंग शेकतं. तिथं दिवसभर तेवढंच राहतं, हवा ओली आणि वारा सतत. खरी थंडी वाऱ्याची आहे.

आता मुख्य मुद्दा. सेंट मायकल्स माउंट हे पेन्झान्सजवळच्या मॅराझायन गावासमोरचं बेट. ओहोटीला साधारण अर्धा किलोमीटरची दगडी वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं. उन्हाळ्यात होड्या असतात, हिवाळ्यात त्यांच्यावर विसंबू नका, म्हणजे वाट हाच मार्ग. ती ओहोटीच्या आधी सुमारे दोन तास आणि नंतर दोन तास उघडी असते. या किनाऱ्याची एक खासियत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, इथली खोल ओहोटी दुपारच्या आगेमागे येते. अष्टमीच्या सुमारास तीच पहाटे आणि संध्याकाळी जाते, म्हणजे हिवाळ्यात अंधारात. तुमचे दिवस नेमके जुळलेत. मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे माहूरला दत्तजयंतीची गर्दी असते तो काळ, यंदा २३-२४ डिसेंबरला आहे. त्यामुळं २४ ला ओहोटी साधारण अकराच्या सुमाराला धरा आणि पुढं रोज पाऊण तास उशिरा. हा ढोबळ हिशोब झाला. नेमकी वेळ न्यूलिनच्या (पेन्झान्सलगतचं बंदर) भरती-ओहोटीच्या कोष्टकात आणि माउंटच्या संकेतस्थळावर बघा. तिथं वाट उघडण्याच्या वेळा तारखेनुसार देतात. दिवस २६ किंवा २७ ठेवा.

जाताना पाणी उतरत असताना निघा, चढत असताना नाही. वाट पूर्ण उघडल्यावर अर्ध्या तासानं पाऊल टाकलं की दगडांवरचं पाणी निथळलेलं असतं. शेवाळ मात्र असतंच. मधल्या भागात दगड गोटे आहेत आणि फटी आहेत, म्हणून बाबांच्या हातात रबरी टोकाची काठी हवी. दक्षिणेचा जोरदार वारा असेल आणि हवेचा दाब पडलेला असेल तर वाट वेळेपूर्वी बुडते. दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर चढतो, म्हणजे मोठ्या वादळात ३० सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, वर लाटा वेगळ्या. अशा दिवशी कोष्टकातली शेवटची वेळ विसरा, तासभर आधी परत या. बेटावरचा किल्ला हिवाळ्यात बहुतेक बंद असतो आणि त्याची चढण बाबांसाठी नाहीच. धक्का, खालची घरं आणि मागं वळून दिसणारा किनारा एवढ्यासाठी जायचं, ते पुरेसं आहे.

परत आल्यावर लगेच मुक्कामी पळू नका. मॅराझायनच्या दलदलीत हिवाळी संध्याकाळी स्टारलिंगचे थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. आपल्याकडं ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचा थवा वळसे घेत फिरतो, हे त्याच कुळातले पक्षी, तसाच वळसा आणि तसाच एकदम खाली कोसळणारा झोत. साडेतीनपासून उभं राहायचं. वारा जास्त असेल तर थवे लवकर आणि खालून येतात. रस्त्यालगत सपाट जागा आहे, गुडघ्यांना त्रास नाही.

मुक्काम पेन्झान्सला करा. रेल्वेचं शेवटचं स्टेशन आणि त्याला लागूनच बसस्थानक. समुद्राकाठचा रस्ता लांबलचक आणि सपाट. सेंट आइव्ह्ज जास्त देखणं आहे, पण गाव उतारावर वसलंय आणि बऱ्याच भाड्याच्या घरांना आत अरुंद जिना असतो. तिथं एक दिवस जा, राहू नका.

गोदातीर (नांदेड)

रेल्वेचं मी सांगतो.

एक्सेटर सेंट डेव्हिड्स ते पेन्झान्स सुमारे तीन तास. जाताना डाव्या हाताच्या खिडक्या घ्या. डॉलिशला रूळ अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जातात. पुढं प्लिमथ सोडल्यावर टेमार नदीवरचा, इंजिनिअर ब्रुनेलचा १८५९ चा रॉयल अल्बर्ट पूल, तो ओलांडला की कॉर्नवॉल. तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, पण स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. आई-बाबा दोघंही साठीच्या वर आहेत, म्हणून दोघांना सीनियर रेलकार्ड घ्या. पासपोर्ट दाखवून परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. भावाला १६ ते २५ चं कार्ड. लांबच्या एकाच फेरीत कार्डाच्या पैशातले बरेचसे वसूल होतात.

आता अडतं कुठं ते. २५ तारखेला इंग्लंडात रेल्वे धावतच नाही. २६ ला तिकडच्या भागात धरूच नका. २४ ला संध्याकाळी गाड्या लवकर संपतात. २६ लाही तिकडं सरकारी सुट्टी असते, यंदा ती शनिवारी येते, त्यामुळं सोमवार २८ ला बदली सुट्टी आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं. शिवाय रुळांची मोठी कामं याच सुट्टीत काढतात, गाडीऐवजी बस देतात आणि तीन तासांचे पाच होतात. म्हणून जाणं २२ लाच आणि परतणं २९ ला ठेवा. परतीचं तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक पक्कं झालंय का ते बघून घ्या.

डॉलिशचं दुसरं. ५ फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंत वाहून गेली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि ४ एप्रिलपर्यंत मार्ग बंद होता. आता भिंत उंच आणि नवी आहे, तरी मोठ्या उधाणात वेग कमी करतात किंवा गाड्या थांबवतात. काही गाड्यांच्या टपावर ब्रेकचे रेझिस्टर असतात. त्यावर खारं पाणी पडलं की विजेचं सर्किट बिघडतं आणि गाडी जागेवर उभी राहते, म्हणून वादळाच्या दिवशी त्या प्रकारच्या गाड्या एक्सेटरच्या पुढं सोडतच नाहीत. परतीच्या दिवशी वादळाचा इशारा असेल तर भरतीच्या वेळेत डॉलिश पडणार नाही अशी गाडी निवडा.

गाडी भाड्यानं घेण्याआधी भावाला एक विचारा: तो तिथं कधी गेला? भारतीय लायसन्सवर तिथं १२ महिनेच चालवता येतं. गेल्या वर्षी सप्टेंबरात गेला असेल तर मुदत संपली. तशी चालवली तर विमाही लागू होत नाही. मुदतीत असला तरी २५ च्या आतल्या चालकाला बहुतेक ठिकाणी जादा पैसे पडतात. त्यात तिथले आडरस्ते एका गाडीएवढे, दोन्ही बाजूंना मातीनं झाकलेल्या दगडी बांधांची भिंत. झुडूप वाटतं, आत दगड असतो. समोरून गाडी आली की कुणाला तरी शंभर-दोनशे फूट मागं न्यावी लागते, तेही साडेचारनंतर अंधारात. नकोच.

सेंट आइव्ह्जला जायला पेन्झान्सहून सेंट अर्थला या आणि तिथून छोटी गाडी धरा, पंधरा मिनिटांच्या आत पोचवते. उजव्या बाजूला बसा, खाडी आणि वाळू त्याच बाजूला.

तेरणाकाठची (धाराशिव)

गोदातीर दादांशी गाडीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. मी कपडे, घर आणि जेवण सांगते, कारण ज्येष्ठांची सहल इथंच बिघडते.

छत्री नेऊ नका. पाऊस आडवा येतो आणि छत्री पहिल्याच झोतात उलटते. दोघांना टोपीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, खरा वॉटरप्रूफ कोट घ्या. लेबलवर नुसतं वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असेल तर अर्ध्या तासात खांद्याच्या शिवणीतून पाणी शिरतं. कोट उलटा करून बघा, आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. टोपीला आवळायची दोरी हवी, नाहीतर वाऱ्यानं ती मागंच जाते. कोट एक माप मोठा घ्या, आत लोकरी स्वेटर बसला पाहिजे. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा पातळ तीन थर बरे, कारण दुकानात, बसमध्ये शिरलं की उकडतं.

आईंच्या साडीचं: नेसू द्या, अडचण नाही. परकराऐवजी आत जाड थर्मल लेगिंग आणि त्यावर लोकरी मोजे. साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसायची, म्हणजे काठ ओल्या फरशीला टेकत नाही. सुती साडी नको, एकदा भिजली की तिथल्या हवेत दोन दिवस वाळत नाही. सिंथेटिक बरी. पदर कोटाच्या आत, निऱ्यांना दोन सेफ्टीपिना. माउंटच्या वाटेवर जायच्या दिवशी मात्र सलवार घालायला राजी करा. निऱ्यांत वारा भरला की पायाखालचा दगड दिसत नाही, आणि तिथं पाय बघूनच टाकावा लागतो. चप्पल-सँडल अजिबात नाही, खोल खाचांचा रबरी तळ असलेला बंद बूट.

घर ठरवताना फोटोंवर जाऊ नका, चार प्रश्न विचारा. सेंट्रल हीटिंग आहे का आणि ते रात्रीही चालू ठेवता येतं का? विजेचं बिल भाड्यातच आहे का? एक तरी झोपायची खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर आहे का? कपडे वाळवायचं मशीन आहे का? जुनी घरं ग्रॅनाइटची, भिंती जाड. दोन दिवस रिकामं राहिलं की ओल धरतं आणि गरम व्हायला चार-पाच तास घेतं. मालकाला पोचायच्या दिवशी दुपारपासून हीटिंग लावून ठेवायला सांगा.

जेवण. तिथं व्हेजिटेरियन शब्दात अंडं बसतं. आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. सोपा नियम: पाकिटावर व्हीगन (अंडं-दूधही नसलेलं) लिहिलेलं शोधा, दूध-दही वरून आपलं. नसेल तर घटकांची यादी वाचा, अंडं आणि दूध जाड अक्षरात छापलेलं असतं. चीज घेताना शाकाहारी असल्याचा उल्लेख बघा, कारण काही चीजमध्ये जनावराचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवायचं द्रव्य, असतं.

तिथला प्रसिद्ध पदार्थ पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी. २०११ पासून त्याला भौगोलिक संरक्षण आहे आणि त्या नावानं मिळणाऱ्या पेस्टीत गोमांस असतंच, बटाटा, कांदा आणि स्वीड कंदासोबत. चीज-कांद्याची पेस्टी वेगळी मिळते, पण भाजताना वरून अंडं फासतात, ती तांबूस चकाकी त्याचीच. म्हणून तुमच्या घरच्यांनी व्हीगन पेस्टीच मागावी. बटाट्याचे चिप्स कशात तळले ते विचारा. गोवंशाच्या चरबीत किंवा माशाच्याच तेलात तळणारी दुकानं आहेत. क्लॉटेड क्रीम बिनधास्त खा, नुसतं दुधाचं असतं, मंद आचेवर धरलेली घट्ट साय. ज्या स्कोनला (छोटा गोडसर पाव) ते लावतात त्यात अंडं आहे का एवढं विचारून घ्या.

लातूरहून काय न्यावं: ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, काळा मसाला, मेतकूट. तूप, पेढे, खवा, चीज नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस सामानातून न्यायला तिथं बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. तूप तिथंच मिळतं. मसूर डाळ, छोले, तांदूळ कुठंही मिळतात, तूरडाळ एक्सेटरहून घेऊन जा. आणि फोडणी देण्याआधी पंखा चालू करून खिडकी उघडा. मोहरी-मिरचीच्या धुरानं अलार्म वाजतो. अलार्म काढून ठेवायचा किंवा झाकायचा नाही, तो जीव वाचवायला आहे.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलंय. भाऊ गेल्या सप्टेंबरातच गेला, म्हणजे गाडीचा विषय संपला. अजून दोन शंका. २५ तारखेला काहीच चालत नसेल तर दिवसभर करायचं काय? आणि बाबांना वादळातल्या लाटा बघायच्यात, तिथल्या पोर्थलेव्हन बंदराचे फोटो पाहिलेत त्यांनी. न्यावं का?

बालाघाटी

दुसरा प्रश्न आधी, तो महत्त्वाचा. उधाणाच्या दिवसांत दुपारी ओहोटी खोल जाते, तशीच भरती संध्याकाळी पाच-सहाला सगळ्यात उंच येते. म्हणजे तुमच्या आठवड्यात समुद्र सर्वांत वर असेल तेव्हा काळोख असेल. त्यात वादळ आलं तर धक्क्यावर, बंदराच्या भिंतीवर, पेन्झान्सच्या समुद्राकाठच्या रस्त्याच्या कठड्याशी कुणीच उभं राहायचं नाही. पाच-दहा मिनिटं लाटा लहान येतात, माणूस पुढं सरकतो, मग दोन-तीन मोठ्या एकापाठोपाठ येतात. लाट अंगावर पडून नव्हे, परत जाताना पाय ओढून नेते. पाण्यासोबत गोटेही येतात. पोर्थलेव्हनला लाटा धक्क्याजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्याहून उंच उडतात ते खरं, पण ते बंदरापासून लांब, वरच्या रस्त्यावरून आणि दिवसा बघायचं. सकाळची भरतीही पाच-सहालाच, तीही अंधारात. तेव्हा या आठवड्यात लाटा बघायला सकाळी साडेआठ-नऊची वेळ धरा. भरती उतरू लागलेली असते आणि उजेड असतो. कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर आपण उतरायचं नाही, ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचा.

कड्यांवर पाऊस मुरला की काठ आतून पोखरलेला असतो, वरून गवत हिरवंगार. लँड्स एंडला किंवा बोटॅलॅकला पायवाट सोडू नका. बोटॅलॅककडं तर जुन्या कथील-तांब्याच्या खाणींची तोंडंही आहेत. तिथली इंजिनघरं २००६ पासून जागतिक वारशात आहेत आणि लांबूनही सुरेख दिसतात. मिनॅकचं कड्यातलं नाट्यगृह बाबांच्या पायऱ्यांमुळं वगळा.

२३ ला संध्याकाळी माउसहोलला जा. पेन्झान्सहून पाचेक किलोमीटर, बसनंच. या छोट्या बंदरात १९६३ पासून नाताळचे दिवे लावतात, पाण्यात तरंगणारेसुद्धा. बंदराचं तोंड हिवाळ्यात लाकडी ओंडक्यांनी बंद करतात, म्हणून आतलं पाणी शांत असतं. त्या दिवशी टॉम बॉकॉकची संध्याकाळ (दंतकथेतल्या एका कोळ्याच्या नावाचा गावचा सण) असते, गर्दी फार. चारच्या सुमाराला पोचून सहापर्यंत निघा, म्हणजे बस मिळते.

पावसाचा दिवस आला तर ईडन प्रकल्प किंवा फॅल्मथचं सागरी संग्रहालय. ईडनच्या वर्षावनाच्या घुमटात ३५ अंशांपर्यंत गरम असतं. शिरताच चष्मा धुकटतो आणि रक्तदाब असलेल्यांना घेरी येऊ शकते, म्हणून दारातच थर उतरवा आणि पाणी जवळ ठेवा.

तेरणाकाठची

२५ साठी: २४ ला दुपारपर्यंत किराणा भरा. २५ ला मोठी दुकानं कायद्यानंच बंद असतात, २६ ला अनेक उघडत नाहीत. बसही धरू नका. मुक्काम पेन्झान्सच्या समुद्राकाठच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांत असेल तर दिवस रिकामा जात नाही. अकरा-बाराला ओहोटीत सपाट रस्त्यानं न्यूलिनपर्यंत जाऊन यायचं, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर, बाबांच्या आवाक्यात. न्यूलिनच्या धक्क्यावर १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षं समुद्राची पातळी मोजली, आणि ब्रिटनच्या नकाशांवरची डोंगरांची उंची आजही त्याच सरासरीपासून धरतात. बाबांना सांगा, आवडेल.

गोदातीर

औषधांचं राहिलं. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत, आणि परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीच्या. पाहुण्यांना तिथं अपघात विभागातला उपचार मोफत असतो, पण दाखल करून घेतलं की बिल सरकारी दराच्या दीडपट लागतं. म्हणून प्रवास विमा घेताना आधीपासून असलेले आजार, गुडघ्यांसकट, फॉर्मवर लिहा. न लिहिलेल्या आजाराचा दावा नाकारतात. साध्या तापा-खोकल्याला १११ वर फोन. मोठं इस्पितळ ट्रुरोला आहे, पेन्झान्सहून गाडीनं पाऊण तास.